खेळणीघराची वर्गणी

माझी बालवाडी बंद झाली तेव्हा माझ्याकडे सोळा खोकी खेळणी उरली. बावीस वर्षं चाललेली बालवाडी होती ती. आमच्या पेठेच्या दोन्ही तोंडांना इंग्रजी नर्सऱ्या उघडल्या, त्यांच्या पिवळ्या गाड्या दारात उभ्या राहून मुलं घेऊन जायला लागल्या आणि शेवटच्या वर्षी माझ्याकडे सातच मुलं राहिली. मी भाड्याची जागा सोडली. खोकी घरी आणली तर सोप्यात पाय ठेवायला जागा उरेना. नवरा म्हणाला, "आता ह्यांच्यावरच झोपायचं काय आपण?"

आमच्या पेठेत जुनी तालीम आहे. आता कुस्तीला येणारी पोरं कमी झालीत, वरची खोली गणपतीचं सामान आणि जुन्या ढाली ठेवायला वापरतात. तालमीचे वस्ताद पंचाहत्तरीचे. त्यांचे दोन नातू माझ्या हाताखालून गेलेले. मी त्यांना विचारलं, "आठवड्यातनं दोनदा वरची खोली मिळेल का? पोरांनी यावं, खेळावं, एखादं खेळणं घरी न्यावं, पुढच्या आठवड्यात परत आणावं." वस्ताद म्हणाले, "पुस्तकांची लायब्ररी आस्ती तशी खेळण्यांची?" मी हो म्हटलं. त्यांनी किल्ली काढून हातात दिली. "झाडून घ्या आदी. उंदरं हायत."

असं आमचं खेळणीघर सुरू झालं. बुधवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी. पहिले आठ महिने आम्ही कुणाकडून काही घेतलं नाही. दारात एक डबा ठेवला होता, ज्याला वाटेल त्यानं टाकावं.

त्या आठ महिन्यांत जी माणसं जोडली गेली त्यांतली एक बाई मला आज फार आठवते. तिशीच्या आतबाहेरची. तालमीमागच्या बोळात एका खोलीत राहायची. नवरा टेम्पोवर ड्रायव्हर, ही एका भाकरी केंद्रात भाकऱ्या थापायला जायची. तिची मुलगी नुकतीच म्युनिसिपालिटीच्या शाळेत पहिलीत गेलेली. मुलगी आली की सरळ शेल्फाकडं धावायची आणि हाताला येईल ते ओढून काढायची. तिचं आवडतं खेळणं म्हणजे लाकडी तराजू, सहा वजनांसकट. ती दुकान मांडायची आणि येईल त्याला डाळ मोजून द्यायची. "पाव किलो का अर्धा किलो? लवकर बोला, मागं गिऱ्हाईक हाय!"

आई पहिल्या दिवशी भिंतीला टेकून नुसती बसली. दुसऱ्या वेळेला तिनं एका बाहुलीचा उसवलेला हात बघितला आणि म्हणाली, "बाई, सुई हाय का?" सुई नव्हती. पुढच्या बुधवारी ती स्वतःच सुईदोरा घेऊन आली. मग दर आठवड्याला काही ना काही तिच्या हातात असायचं. कापडी हत्तीची सोंड शिवली, मळलेली अस्वलं घरी नेऊन धुवून, दोरीवर वाळवून आणली. मी तिला सांगितलं नव्हतं. आभार मानले तर म्हणायची, "त्यात काय हुतंय."

पण डब्यात फार काही पडायचं नाही. खेळणी मोडत होती, तुकडे हरवत होते, सेल संपत होते. नवीन काही घ्यायचं म्हटलं की माझ्या पेन्शनवाल्या नवऱ्याकडं बघायची वेळ यायची. तेव्हा आमच्या कामात एक निवृत्त बँक मॅनेजर येऊ लागले होते. सरळ, शिस्तीचा माणूस; सगळे त्यांना साहेब म्हणायचे. त्यांचा नातू यायचा, म्हणून तेही यायचे, आणि बसल्या बसल्या त्यांनी सगळ्या खेळण्यांना नंबर घातले, कॉम्प्युटरवर यादी केली. तेच म्हणाले, "मॅडम, वर्गणी ठरवल्याशिवाय ही गोष्ट वर्षभर टिकणार नाही." ते खरं होतं.

बैठक तालमीच्या ओट्यावरच झाली. वस्ताद, साहेब, मी आणि सातआठ आईवडील. साहेबांनी कागद काढला. अनामत पाचशे, महिन्याला शंभर. खेळणं मोडलं तर अनामतीतून वळतं. दोघंतिघं लगेच म्हणाले, परवडतंय, काही हरकत नाही. ती भाकरीवाली बाई त्या दिवशी कामावर होती. पण माझ्या डोळ्यासमोर तीच आली, आणि तिच्यासारख्या आणखी चारपाच जणी.

मी म्हटलं, "सगळ्यांना हे जमणार नाही. ज्यांची परिस्थिती नाही त्यांना सवलत ठेवू. अनामत शंभर, महिन्याला तीस."

साहेब म्हणाले, "चालेल. पण परिस्थिती नाही हे ठरवायचं कसं? उद्या दारात कार उभी असणारा पण म्हणेल, मला नाही परवडत."

मी क्षणभर विचार केला आणि म्हटलं, "रेशनकार्डाची झेरॉक्स घेऊ. पिवळं किंवा केशरी असेल तर सवलत."

हे मी म्हटलं. साहेबांनी नाही. हे मी इथं मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढं पेठेत सगळ्यांनी ते साहेबांच्या नावावर घातलं आणि मी बराच काळ ते तसंच राहू दिलं.

वस्ताद म्हणाले, "पैसं घ्यायचं तर समद्यांकडनं सारखं घ्या, न्हायतर कुणाकडनंच घेऊ नका. आमच्या तालमीत पोरगं आलं की त्येच्या बापाचं कार्ड कुणी इचारत न्हाय."

मी त्यांना समजावलं. शिक्षिकेच्या आवाजात, हळू, एकेक मुद्दा मांडत. ज्याला जास्त आहे त्यानं जास्त द्यावं, ज्याला कमी आहे त्यानं कमी, हाच न्याय नाही का? सगळ्यांनी माना डोलावल्या. वस्ताद म्हणाले, "तुमी शिकल्याली माणसं. ठरवा तुमचं." आणि उठून आत गेले. मला त्या संध्याकाळी फार बरं वाटलं होतं. घरी जाऊन मी नवऱ्याला सांगितलंसुद्धा, की आज एक चांगला निर्णय झाला.

पुढच्या बुधवारी मी त्या बाईला बाजूला घेतलं. आवाज खाली केला. "अगं, वर्गणी ठरली आहे. पण तू काळजी करू नको, तुझ्यासाठी सवलत आहे. फक्त कार्डाची झेरॉक्स आण." ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बरं." रविवारी झेरॉक्स, शंभर आणि तीस घेऊन आली. पैसे सुटे होते, घडी घालून रुमालात बांधलेले. ती त्या दिवशी बसली नाही. मला वाटलं, काम असेल.

महिन्याभरानं साहेबांनी दारातल्या फळ्यावर दोन कागद लावले. सुंदर टाइप केलेले. एकावर "नियमित सभासद", दुसऱ्यावर "सवलतीचे सभासद". पूर्ण नावं, पुढं रक्कम. मी ते बघितले. खरं सांगायचं तर बघून मला काही खटकलं नाही. उलट काम नीटनेटकं चाललंय असं वाटलं.

तो रविवार होता. खोलीत पंधरावीस मुलं, तेवढेच आईबाप. ती मुलगी फळ्यासमोर उभी होती. तिला नुकतं वाचता येऊ लागलं होतं आणि त्या दिवसांत ती दिसेल ते वाचायची, दुकानांच्या पाट्या, बिस्किटाचे पुडे, टेम्पोच्या मागं लिहिलेलं. तिनं बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचू लागली. "स-व-ल-ती-चे. सवलतीचे. स-भा-सद." मग बोट खाली खाली नेलं, एका ठिकाणी थांबलं, आणि तिनं आईचं नाव वाचलं. पूर्ण, बापाच्या नावासकट, आडनावासकट. आणि आनंदानं वळून ओरडली, "आई! तुजं नाव हाय हितं! छापल्यालं!"

मुलांचा गोंधळ चालूच होता. पण मोठ्यांनी ऐकलं होतं. एक बाई खाली बघून मुलाच्या बुटाची नाडी बांधायला लागली. साहेबांच्या नातवाची आई खिडकीकडं वळली. मुलगी अजून हसत होती. "आनि बाजूच्या कागदावर का न्हाय? त्यो सवलतीचा न्हाय व्हय?"

आई आली, मुलीचा हात धरला आणि म्हणाली, "चल." एवढंच. जिना उतरून गेली. मी टेबलाशी बसून होते, हातात पेन. मी उठले नाही.

बुधवारी ती एकटीच आली. तराजू परत केला. पारडी पुसलेली, साखळ्या सरळ केलेल्या, सहाही वजनं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत. "मोजून घ्या बाई," ती म्हणाली. मी म्हटलं, "मोजायचं काय त्यात." ती म्हणाली, "न्हाय, मोजा." मी मोजली. सहा. तिनं अनामतीचे शंभर मागितले. मी दिले. फळ्यावर तो कागद तसाच होता आणि आम्ही दोघी त्याच्यासमोर उभ्या होतो.

ती गेल्यावर मी तो कागद काढला. फाडला नाही, घडी करून पर्समध्ये ठेवला.

दोन आठवडे ती आली नाही. मग मी तिच्या घरी गेले. दुपारी तीनची वेळ, केंद्रातून नुकतीच आलेली, हाताला पीठ तसंच. तिनं मला बसायला पाट दिला, चहा ठेवला. नको म्हटलं तरी ठेवला. मुलगी शाळेत होती. मी म्हटलं, "अगं, तो कागद मी काढलाय. चूक झाली. तू ये की परत."

तिनं चहा गाळला, कप माझ्यापुढं ठेवला आणि समोर बसली. "बाई, राग न्हाय मला. कागूद काय, आज लागला उद्या गेला. पर तुमी मला कार्ड का मागितलासा?"

"तुझ्या सोयीसाठीच गं. शंभर रुपये तुला जड झाले असते म्हणून."

"झालं असतं का न्हाय ते मी सांगितलं असतं की. तुमी इचारलाच न्हाईसा. तुमीच ठरिवलंसा." तिनं हाताचं पीठ झटकलं. "मी तितं आठ म्हैनं येत हुतो. शिवत हुतो, धूत हुतो. मला वाटायचं ह्ये आपलं हाय. मग तुमी बाजूला घेऊन हळूच बोललासा, तवा मला कळलं, म्हंजे आपण वायलं हाय, ह्येंच्यातलं न्हाय."

मी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"पोरीनं घरी येऊन इचारलं, सवलतीचं म्हंजे काय. काय सांगायचं?"

"काय सांगितलंस?"

"म्हणलं, उद्या सांगतो."

मी चहा प्यायले आणि उठले. ती दारापर्यंत आली, "सावकाश जावा, पायरी मोडल्याली हाय," म्हणाली. तिच्या आवाजात खरंच राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

बोळातून बाहेर येताना मला माझी शाळा आठवली. मी जयसिंगपूरची. वडील कापडाच्या दुकानात कापड मोजायला, मालकाचे नोकर. आमच्या वेळी शाळेत ईबीसीची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना, फी-माफी होती. वर्षाच्या सुरुवातीला तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला द्यायचा. एके दिवशी वर्गावर क्लार्क यायचा आणि म्हणायचा, "ईबीसीवाल्यांनी उभं राहा." आम्ही अकराबारा जण उभे राहायचो. तो मोजायचा, नावं घ्यायचा, पुन्हा मोजायचा. उभं राहण्यात काही मोठं नव्हतं. पण माझ्या बाकावर दुकानमालकाची मुलगी बसायची. ती बसलेली असायची आणि मी उभी. ती मला काही बोलायची नाही, उलट माझा फ्रॉक बाकात अडकला तर सोडवून द्यायची. नववीत मी दाखला दप्तरातच ठेवला, दिलाच नाही, आणि बापाला खोटं सांगितलं की हरवला. त्यांनी पूर्ण फी भरली. त्या वर्षी त्यांनी दिवाळीला कपडे घेतले नाहीत.

हे सगळं मला ठाऊक होतं. पन्नास वर्षं माझ्या अंगात होतं. आणि तरीही ओट्यावर बसून मीच म्हणाले, रेशनकार्डाची झेरॉक्स घेऊ. आपण टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलो की आपल्याला आपलंच काही आठवत नाही का? मी तेव्हा चांगलं काम करत होते असंच मला वाटत होतं, हे जास्त त्रास देतं.

मी पुन्हा बैठक बोलावली. ह्या वेळी मी ती शाळेची गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, कार्डाची कल्पना माझी होती, साहेबांची नाही. ती रद्द करू.

साहेब शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मॅडम, मीपण ईबीसीत शिकलो. कोडोलीच्या शाळेत. मीपण उभा राहायचो. मला कधी काही वाटलं नाही. सरकार आपली फी भरतंय, त्यात लाज कसली? घेणाऱ्याला लाज वाटू नये असं आपण वागलं पाहिजे, सवलतच काढून टाकायची हा उपाय नव्हे."

ते चुकीचं बोलत नव्हते. एवढंच म्हटलं, "तुम्हाला वाटलं नसेल साहेब. मला वाटलं. आणि तिला वाटलं."

"मग काय करायचं? पाचशे अनामत काढली तर महागडी खेळणी द्यायची कशी?"

"नाही द्यायची."

बराच वेळ वाद झाला. एकजण म्हणाला, आम्ही पाचशे भरले ते येडे म्हणून काय? शेवटी वस्तादांनी हात वर केला. "म्हैन्याला पन्नास रुपय. समद्यांना. अनामत न्हाय. ज्येला जमंल त्येनं द्यावं, ज्येला न्हाय जमलं त्येला कुणी इचारायचं न्हाय, आनि नावापुढं आकडा ल्ह्यायचा न्हाय. न्हाय पटत तर माजी खोली मला परत द्या."

तसं ठरलं. अनामती परत केल्या. सहासात घरांनी यायचं बंद केलं. साहेबांनी यादीचा पेनड्राइव्ह माझ्या हातात दिला, "शुभेच्छा," म्हणाले, आणि नातवाला रंकाळ्याजवळच्या एका क्लासला घातलं. अजून वाटेत भेटले की नमस्कार करतात, तब्येत विचारतात. खेळणीघराचा विषय काढत नाहीत. त्यांच्या मनात मी काय आहे ते मला कळत नाही. त्यांनी घातलेले नंबर अजून प्रत्येक खेळण्यावर आहेत.

पैसे कमी पडतातच. बटणं दाबून वाजवायचा बाजा बंद पडलाय तो दुरुस्त होत नाही. खेळण्यांचे दोन मोठे संच गेले ते गेलेच, कुणी नेले तेही लिहिलेलं नाही. कधी कधी वाटतं साहेब बरोबर होते, हे वर्षभर टिकणार नाही.

नवी वर्गणी ठरल्यावर मी त्या बाईला पुन्हा बोलवायला गेले नाही. दोनदा बोळाच्या तोंडापर्यंत जाऊन परत आले. जाऊन काय सांगणार, आता तू आमच्यातली आहेस? शेजारणीकडून कळलं की तिनं केंद्र सोडलं, कागलच्या एमआयडीसीत लागली, कंपनीची बस सकाळी सहाला न्यायला येते.

दिवाळीनंतर एका रविवारी ती आली. कंपनीचा निळा डगला अंगावर होता, त्या आठवड्यात दुपारची शिफ्ट असावी, तिकडंच निघाली असावी. मुलगी बरोबर, उंच झालेली. जिना चढून टेबलाशी आली, पन्नासची नोट ठेवली. "पावती द्या."

"पावती नाही गं करत आम्ही आता."

"मग ल्हून द्या."

मी वहीचं पान फाडलं, लिहून दिलं, सही केली. तिनं ते वाचलं, नीट घडी केली, पर्समध्ये ठेवलं. "बारा वाजता हिची आत्या न्यायला यील," म्हणाली आणि वळली. मी म्हटलं, "बस की जरा." ती म्हणाली, "न्हाय बाई, बस चुकंल." बस खरंच चुकली असती. तरी मी तिच्या पावलांचा आवाज खाली जाईपर्यंत ऐकत राहिले.

आता दर महिन्याला ती पन्नास रुपये आणि पावतीसाठी कोरा कागद मुलीच्या हाती पाठवते. मी सही करते. कोरा कागद घरून आणलेला असतो, नीट कापलेला.

मुलगी एकटी वर येते. पूर्वी ती शेल्फाकडं धावायची. आता दारात चप्पल काढते, टेबलासमोर येऊन उभी राहते, हात मागं बांधून. शेल्फाकडं बघते, मग माझ्याकडं बघते.

"बाई, मी ह्यो घेतला तर चालतोय?"

मी म्हणते, "चालतंय की. कुठलाही घे. विचारायचं नाही."

ती मान डोलावते. जाऊन ते एकच खेळणं काढते, खाली बसून खेळते, जागेवर ठेवते. मग पुन्हा टेबलाशी येते आणि दुसऱ्याकडं बोट करून विचारते.